ताईची राखण

माझ्या डाव्या पायाची नडगी माझ्या बहिणीने मोडली. बहीण गाढवीण आहे. हे मी रागाच्या भरात बोलत नाही. चार पाय, लांब कान, करडा रंग, अशी ती खरोखरची गाढवीण आहे आणि पूर्वी नांदेडच्या बाहेर एका वीटभट्टीवर कामाला होती. (मी एका सरकारी कार्यालयात कामाला आहे. ओझी वाहण्याचा अनुभव तिला जास्त, रजांचा मला.) वयाच्या बावन्नाव्या वर्षी माणसाला बहीण होते कशी, आणि झाल्या झाल्या ती त्याचा पाय मोडते कशी, हे मला हाडांच्या डॉक्टरपासून ऑफिसातल्या शिपायापर्यंत इतक्या जणांना सांगावं लागलं की आता पाठ झालंय. सगळे हसतात. मीही सांगताना हसतो.

माय माझी चौऱ्याहत्तरीची. लोह्याच्या पुढे पाऊण तासावर आमचं गाव. तिथे विहाराच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात कडुलिंब आणि लिंबाखाली शेळ्या. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मी एकुलता एक. (होतो.) नांदेडला तिसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे आणि त्यात मायसाठी एक खोली राखून ठेवलेली होती. त्या खोलीने चार वर्षं मायची वाट पाहिली. वाट पाहता पाहता तिच्यात आधी इस्त्रीचं टेबल आलं, मग जुना कूलर, मग कॅरमबोर्ड, आणि शेवटी पलंगावर जागा उरली ती फक्त उशीपुरती.

दर महिन्याला मी गावी जायचो आणि दर महिन्याला आमचं तेच बोलणं व्हायचं.

"माय, चल की आता नांदेडला."

"येऊन काय करू तिथं?"

"आराम कर."

"आन् आराम करून करून थकले की मंग काय करू?"

"खाली बाग आहे. बायका येऊन बसतात."

"माह्या शेळ्यायला येऊ देतेत का बागंत?"

शेळ्या पाच होत्या. चांदी, काळी, बारकी, बारकीचं करडू, आणि एक जी सगळ्यांच्या पाटीत तोंड घालायची तिचं नाव मायने सरपंच ठेवलं होतं. बाबा गेल्यावर माय ज्यांच्याशी बोलायची ती ही मंडळी. माझ्याशी ती महिन्यातून एकदा बोलायची आणि तेही शेळ्यांविषयी.

मग कुत्री आली. गावाबाहेरच्या रस्त्याला कोंबडीची दोन दुकानं झाली होती. त्यांच्या मागच्या खड्ड्यात पिसं-आतडी पडायची. त्यावर कुत्री पोसली, आणि बघता बघता दहा-बारांची टोळी झाली. ज्या दिवशी दुकानं बंद, त्या दिवशी टोळी उपाशी. अशाच एका दुपारी कॅनॉलच्या काठाला त्यांनी चांदीला धरलं. माय काठी घेऊन धावली, पण चौऱ्याहत्तरीची धाव ती केवढी! ती पोचेपर्यंत चांदीचं काही उरलं नव्हतं. पंधरा दिवसांनी बारकीचं करडू गेलं. फोनवर मायला ते सांगताही येईना. शेजारच्या चंद्रभागाकाकूंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "मिलिंद, तुही माय दोन दिस जेवली न्हाई बाबा."

आता इथे एक गोष्ट कबूल करतो. मला वाईट वाटलं. वाटायलाच पाहिजे होतं आणि वाटलं. पण वाईट वाटता वाटता मनात एक हलकट माणूस उठून बसला आणि म्हणाला, "अजून एखादी जाऊ दे, मग येते बघ नांदेडला!" मी त्याला हाकललं नाही. उलट बसायला खुर्ची दिली.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो तेव्हा माय लिंबाखाली बसली होती, आणि मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "हे बघ मिलिंदा. अजून एक शेळी गेली की म्या गपगुमान येते तुह्या संगं. पर तवर राखनीचा बंदोबस्त तू करायचा. जमतंय का बोल."

"जमतंय," मी म्हणालो. इतक्या झटकन म्हणालो की तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

घरी आल्यावर मी बायकोला, वैशालीला, हे सांगितलं. ती सरळ डोक्याची बाई आहे. म्हणाली, "अहो, ग्रामपंचायतीला अर्ज द्या की. तो खड्डा बुजवला की कुत्री जातील."

"अर्जाने काय होतं!"

"तुम्ही तर दिवसभर अर्जच तपासता."

"म्हणूनच सांगतोय ना, अर्जाने काय होतं ते!"

त्याऐवजी मी मोबाइल उघडला. आणि तिथे मला एका परदेशी शेतकऱ्याचा व्हिडिओ सापडला. मेंढ्यांच्या कळपात एक गाढव उभं, आणि ते कुत्र्यामागे असं धावत होतं की कुत्र्यालाच कुत्र्यासारखं वाटावं! गाढवाला कुत्र्याच्या जातीची उपजत चीड असते म्हणे. नियम मात्र कडक. गाढव एकच हवं, मादी हवी, पहिल्या दिवसापासून कळपातच ठेवायची, आणि माणसाने तिला अजिबात लळा लावायचा नाही. कळप हेच तिला आपलं घरदार वाटलं पाहिजे. एकदा ते वाटलं की कळपातलं एक जरी कोणी न्यायला आलं तरी ती त्याला सोडत नाही.

मी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि माझी पक्की खात्री पटली की हे आपल्या गावात जन्मात चालणार नाही. म्हणून मी गाढव घ्यायचं ठरवलं.

वीटभट्टीवर एक म्हातारी होत आलेली गाढवीण मिळाली. पाठीवर दोन्हीकडे ओझ्याने केस गेलेले, एक कान फाटलेला, आणि चेहरा असा की मला आमच्या कार्यालयातल्या निवृत्तीला आलेल्या माणसांची आठवण झाली. न्यायला अफसरभाईचा छोटा हत्ती टेंपो सांगितला होता. अफसरभाई आमच्या गल्लीतला, भला माणूस, कुठेही यायला तयार. गाढवीण मात्र टेंपोत चढेना. ओढली, ढकलली, हिरवं गवत दाखवलं. शेवटी अफसरभाई म्हणाला, "साब, तुम पैले चढो. आदमी देखके चढेगी."

मी चढलो. ती चढली. मी उतरायला लागलो, तर तीही उतरायला लागली! "नक्को साब, उतरो नक्को! ऐसेच चलते," म्हणून त्याने मागची फळी लावून टाकली. अशा रीतीने इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि हातात दोर, असा मी एका गाढविणीच्या शेजारी उभा राहून नांदेडहून निघालो. लोह्याच्या बाजारात टेंपो अडकला. तिथे आमच्याच खात्यातल्या एका बाईंनी मला पाहिलं. त्यांनी नमस्कार केला, मीही केला, आणि गाढविणीने असा सूर लावला की अख्खा बाजार वळून बघायला लागला.

गावात विहारासमोरच्या कट्ट्यावर म्हातारी मंडळी बसलेलीच होती.

"जयभीम सायब! हे काय, बदली झाली का?"

"नवं सायब कोन यातलं?"

"आरं, सरकारी गाडी मिळाली असंल त्याला!"

माझ्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबून मला शिकवलं, का तर पोरगं ताठ मानेने गावात यावं. मान ताठच होती. टेंपोत खाली बघायला जागा नव्हती.

मायने दारातून हे सगळं पाहिलं आणि ती आत गेली. मला वाटलं, रागावली. तर ती तांब्या घेऊन बाहेर आली. आमच्याकडे हळदीकुंकू माझ्या आजीच्या काळातच सुटलं. पण नवं जनावर दारात आलं की घरच्या बाईने त्याच्या पायावर पाणी घालायचं आणि हाताने पहिली भाकर चारायची, हे काही मायने सोडलेलं नाही.

"माय, थांब! हिला लळा लावायचा नाही!"

"कामून?"

"नियम आहे. हिला थेट शेळ्यांत सोडायचं. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, भाकर द्यायची नाही."

"मंग आनलीस कशाला?"

"राखणीला!"

"राखनीला आलेल्याला भाकर द्यायची न्हाई? असं सायबाच्या राज्यात आसंल," असं म्हणत तिने चारी पायांवर पाणी घातलं, भाकरीचा अर्धा कोर तिच्या तोंडाशी धरला आणि दुसऱ्या हाताने तिची ती केस गेलेली पाठ चाचपली. "माय गं... किती वढलंय लेकराला." गाढवीण भाकर खाताना डोळे मिटून उभी होती. "मला लेक न्हाई. हिला ताई म्हनते," माय म्हणाली.

झालं! व्हिडिओतले सगळे नियम पाच मिनिटांत मोडले. मी मनातल्या मनात खूश होऊन अफसरभाईला म्हणालो, चला.

पुढच्या महिन्यात काय झालं ते मला चंद्रभागाकाकूंच्या फोनवरून कळत गेलं. ताईने शेळ्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. तिला कळप-बिळप काही नको होता. तिला माय पाहिजे होती! माय पाण्याला गेली की ताई मागे. माय रेशनला गेली की ताई रांगेत. (रांगेत तिच्या मागे कुणी उभं राहीना, त्यामुळे माय दर वेळी शेवटची.) पौर्णिमेला माय विहारात वंदनेला बसली, तर ताई दारात उभी, आणि वंदना ऐन रंगात आली तेव्हा तिनेही आपला सूर मिसळला. लोक चिडले. माय म्हणाली, "तिला येतंय तसं म्हनती ती."

आरोग्य खात्याच्या आशाताई बीपी बघायला आल्या. त्यांनी मायचा हात धरून पट्टा गुंडाळला मात्र, ताईने कान मागे टाकले आणि त्यांच्या पदराचं टोक दातात धरलं! त्या दिवशी मायचं बीपी व्यवस्थित होतं. आशाताईंचं बघायला त्यांनाच लोह्याला जावं लागलं.

"तुही बहीन लई कडक हाय," चंद्रभागाकाकू मला म्हणाल्या.

"शेळ्या किती आहेत?" मी विचारलं.

"तिनीच्या तिनी हायेत की."

मला शेळ्या किती आहेत यात फार रस असायचा.

पण माझी एक चूक झाली होती. शेळ्या चारायला कोण न्यायचं? माय. मायच्या मागे कोण जायचं? ताई! एका दुपारी टोळी पुन्हा कॅनॉलच्या काठाला आली. माय काठी घेऊन पुढे झाली, कुत्री मायवर गुरगुरली, आणि मग जे झालं ते गावात अजून सांगतात. ताई मान खाली घालून सरळ टोळीत घुसली. एकाला दातात धरून भिरकावलं, दुसऱ्याला पुढच्या पायाखाली घेतलं, उरलेली पार पुलाच्या पलीकडे पळाली. त्यानंतर ताईचा आवाज ऐकला तरी कुत्री वाट बदलायची. कट्ट्यावरची म्हातारी मंडळी, जी मला हसली होती, ती आता ताई जाताना पाय जवळ घेऊन बसायची.

सगळ्या गावाने फोन करून माझं अभिनंदन केलं. "सायब, डोकं लावलं बरं का!" मी आभार मानले आणि पलंगावरची उशी काढून तिथे पाण्याचे रिकामे जार ठेवले.

असे चार महिने गेले. मी फोन केला की विचारायचो, "शेळ्या कशा आहेत?" माय म्हणायची, "मजेत." मी म्हणायचो, "सगळ्या?" ती म्हणायची, "सगळ्या."

आणि एका सकाळी तिचाच फोन आला.

"मिलिंदा, एक गेली."

"कुत्र्यांनी?"

"न्हाई रे. सरपंच. चंद्रभागाच्या गव्हाच्या पोत्यात तोंड घालून बसली, कुनाला दिसलीच न्हाई. पोट फुगलं. लोह्याहून डाक्टर येस्तोवर..." ती थांबली. "पर म्या म्हनलं व्हतं, एक गेली की येते. कुत्र्यानं न्यायची का कशी, ते काय म्या बोलले नव्हते. तवा ये तू."

खरं तर तिने हे लपवलं असतं तर मला कळलंही नसतं, चंद्रभागाकाकूही तिच्याच बाजूच्या. पण शब्द दिला म्हणजे दिला, अशी ही बाई. आणि मी? मी म्हणू शकलो असतो की माय, हे धरायचं नाही, राखण तर कुत्र्यांपासून होती. मी म्हणालो, "रविवारी गाडी घेऊन येतो." फोन ठेवल्यावर मी खोलीतले जार स्वतः उचलून गॅलरीत नेले. शीळही घातली असावी. वैशाली माझ्याकडे बघत होती.

रविवारी अफसरभाई त्याच्या मेव्हण्याची मोठी गाडी घेऊन आला. आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. काळी आणि बारकी चंद्रभागाकाकूंच्या दारात बांधलेल्या. आमच्या दाराला कुलूप. माय बाहेर ओट्यावर नवं लुगडं नेसून बसली होती, शेजारी एक पिशवी. चार वर्षं मी या दिवसाची वाट पाहत होतो, आणि तिचं सामान म्हणून निघाली ती एवढीशी पिशवी. ताई बाजूला लिंबाखाली उभी होती, मोकळी.

"हिला बांधलं नाही?"

"ती काय करती? चंद्रभागा सांभाळील."

मी पिशवी उचलली. ताईने मान वर केली. मी मायच्या दंडाला धरलं. ती उठली, गाडीकडे चार पावलं चालली आणि मग वळून कुलपाकडे बघत उभी राहिली. आवाज न करता रडत होती. बाबा गेले तेव्हाही ती अशीच रडली होती. मी काय करायला पाहिजे होतं, ते मला आता कळतं. मी तेव्हा म्हणालो, "चल माय, उशीर होतोय," आणि तिचा दंड जरा ओढला.

अगदी जराच ओढला हो! पण मागून काहीतरी धावत आलं एवढं मला कळलं. ताई आमच्या मध्ये घुसली, मायला अंगाने मागे सारलं, माझ्याकडे पाठ केली (मला वाटलं, ऐकलं बिचारीने!) आणि दुगाणी झाडली. 'कट' असा आवाज आला. पिशवी एकीकडे, मी एकीकडे, आणि माझा पाय तिसरीकडेच बघत होता.

"अफसरभाई!" मी ओरडलो.

अफसरभाई गाडीत बसून काचा वर घेत होता. "साब, ये गधी नै है! ये पोलीस है! मैं उतरता नै!"

ताई वळली. तिचे कान मागे, दात बाहेर. मी धुळीत सरपटत होतो आणि ती एकेक पाऊल टाकत माझ्यावर येत होती. तेव्हा माय मध्ये आली, तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि ओरडली, "ताई! ताई गं! माहं लेकरू हाय ते! चोर न्हाई, माहं लेकरू हाय!"

ताई थांबली. पण माझ्यावरची नजर तिने काढली नाही. तिला हे पटलेलं दिसत नव्हतं. शेवटी मायने भाकर दाखवत तिला चंद्रभागाकाकूंच्या दारात नेऊन बांधलं, तेव्हाच अफसरभाईने गाडीचं दार उघडलं.

दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्याने विचारलं, "कशाने लागलं?"

"गाढवाने लाथ मारली."

"पाळीव का मोकाट?"

"पाळीव."

"कोणाचं?"

"आमचंच."

त्याने पेन ठेवलं, बाहेर जाऊन अजून दोघांना घेऊन आला आणि म्हणाला, "आता परत सांगा."

तर अशी माय नांदेडला आली. चार वर्षं हात जोडून जे जमलं नाही ते एका लाथेत जमलं! फक्त ती राहायला नाही आली, माझं करायला आली. दीड महिना मी प्लास्टर घालून तिच्यासाठी ठेवलेल्या पलंगावर, कारण बाथरूम त्याच खोलीला जोडलेलं. आणि ती खाली सतरंजीवर. दुधात भाकर कुस्करून मला भरवायची. दुपारी गॅलरीत उभी राहायची. खालच्या बागेत बायका बसत, पण ती एकदाच गेली आणि परत आली. "समद्या फोनशीच बोलतेत," म्हणाली. शेजारच्या दाराची बेल तिने एकदा वाजवली, नुसतंच विचारायला की जेवण झालं का. दार उघडलं नाही. दिवसेंदिवस ती कमी बोलायला लागली. तिचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. मी पलंगावरून बघायचो आणि उठताही यायचं नाही.

रोज दुपारी ती चंद्रभागाकाकूंना फोन लावायला सांगायची. काकूंचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू यायचं.

"ताई काय करून राहिली?"

"काय करती? तुह्या कुलपाम्होरं हुबी असती. चारा टाकला तरी हालंना. फोन देऊ का तिच्या कानाला?"

"दे."

मग माय तिच्याशी बोलायची. "खाऊन घे गं माय. येते म्या." पलीकडून काहीच आवाज यायचा नाही. फोन ठेवून माय पुन्हा गॅलरीत जाऊन उभी राहायची, आणि तिची पाठ बघून मला कुलपासमोर कोण उभं आहे हे वेगळं विचारावं लागायचं नाही.

एका दुपारी माझ्याने राहवेना. मी म्हणालो, "माय, एक सांगू? मी ते गाढव आणलं ना, ते चालणार नाही म्हणूनच आणलं होतं. शेळी जावी आणि तू इथे यावीस म्हणून."

ती माझा भात कालवत होती. वर न बघता म्हणाली, "ठाव हाय मला."

"कसं काय?"

"दुसऱ्याचे अर्ज तपासनं तुहं काम. माह्यासाठी त्या खड्ड्याचा एक अर्ज लिवला न्हाईस. खरंच राखन पायजे असती तर तू आदी अर्ज लिवला असतास." तिने घास माझ्या तोंडात घातला. "पर टेंपोत हुबा राहून आलास ना गाढवासंगं, साऱ्या गावाम्होरं? तवा म्या म्हनलं, जाऊ दे. एवढं तरी केलं लेकरानं."



प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात मी तिला गावी सोडून आलो. ताई कुलपासमोरच होती, बरगड्या दिसत होत्या. तिने मायच्या खांद्यावर मान ठेवली आणि दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या. मी आणि अफसरभाई गाडीतच बसून होतो. काचा वर.

खड्ड्याचा अर्ज मी आता लिहिला आहे. चारही प्रतींत. खड्डा अजून तसाच आहे. वैशालीला मी म्हणालो होतोच, अर्जाने काय होतं. दर महिन्याला मी गावी जातो, जरा लंगडत जातो. येताना ताई मला काही करत नाही, बाजूला होते. जाताना मात्र अडवते. दारात आडवी उभी राहते आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत कान मागे टाकते. तेव्हा माय आतून ओरडते, "पिशवी दाव तिला!" मग मी, राजपत्रित व्हायला एकच बढती राहिलेला माणूस, पिशवीतली शेंगांची चटणी, ज्वारीचं पीठ आणि लिंबाचं लोणचं एकेक करून तिच्या समोर ओट्यावर मांडतो, पिशवी उलटी करून झटकतो. ती सगळं हुंगते. आत माय नाही एवढी खात्री झाली की मला जाऊ देते.